शिडांपाशी थांबणारी गोष्ट

वर्षातून एक दिवस मी इंग्रज बनतो.

एरवी मी दिल्लीतल्या राजेंद्रनगरात, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवतो. पण पूर्वपरीक्षेचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशी माझ्या अंगात येतं. पास झालेली मुलं मुख्य परीक्षेच्या मागे पळालेली असतात. वर्गात उरतात ती तोंडं पाडून बसलेली. त्यांच्यासाठी मी एक तास अभ्यासक्रमाबाहेरचा घेतो, अमेरिकेच्या किनाऱ्यावर सुरुवातीला वस्ती करायला गेलेल्या इंग्रजांचा. त्यात जहाज मी, नदी मी, साहेब मी आणि साहेबाला चावणारा डासही मीच. डासाचं काम मी फार जीव ओतून करतो. दरवर्षी कोणीतरी हात वर करून विचारतो, "सर, हे पेपरला येणार का?" मी सांगतो, "पेपरला नाही, राशीला येणार."

त्या दिवशी घरून निघताना मी पाण्याच्या बाटलीत दोन चमचे मीठ घालतो. बायको म्हणते, "आज मेले वाटतं तुझे साहेब." मी म्हणतो, "अजून नाही, अकरा वाजता." आम्ही दोघं पंचवीस वर्षांपूर्वी याच परीक्षेसाठी दिल्लीला आलो, एकाच बॅचला होतो, म्हणून अरे-तुरे.

पहिला अंक जागा निवडण्याचा. जहाजं नदीत शिरली, काही दिवस वर-खाली हिंडली, चांगल्या चांगल्या जागा बघितल्या आणि शेवटी पसंत काय केलं, तर एक बेटासारखी दलदल. कारण तिथं काठाशीच पाणी एवढं खोल होतं, की जहाजाचा दोर सरळ झाडाला बांधता येत होता. शिवाय जागा समुद्रावरून शत्रूला दिसत नव्हती. शिवाय तिथं कोणी राहत नव्हतं. कोणी का राहत नाही, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. आजूबाजूला पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना ते ठाऊक होतं, पण पाहुण्यांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. उन्हाळा आला, नदी आटली आणि समुद्राचं खारं पाणी वर सरकलं. इथं मी पहिल्या बाकावरच्या मुलाला बाटली देतो आणि सांगतो, घ्या, हे तुमच्या नव्या घरचं पाणी. तो घोट घेतो, तोंड वाकडं करतो, वर्ग हसतो. कालपासूनचं पहिलं हसू.

मग मी विचारतो, तुम्ही तुमची खोली कशी निवडलीत? सगळ्यांचं उत्तर एकच असतं. क्लासपासून पाच मिनिटांवर आहे म्हणून. खिडकी आहे? नाही. ऊन येतं? नाही, सर. पाणी? सकाळी मालक मोटर लावतात तेवढा वेळ. लातूर, वाशीम, धुळ्याकडून आलेली, मोकळ्या अंगणात वाढलेली ही मुलं, लाकडी फळी घालून एका खोलीचे दोन केलेल्या डब्यांत राहतात आणि सांगतात काय, तर क्लास जवळ आहे. मी म्हणतो, झालं तर मग, जहाज झाडाला बांधता येतंय ना.

दुसरा अंक सोन्याचा. या मंडळींत निम्मेशिम्मे खानदानी साहेब होते, नांगराला हात न लावलेले. सोनं पारखणारे कारागीर त्यांनी बरोबर आणले होते, शेत पिकवू शकणारे मोजकेच. तेव्हा सगळे सोनं शोधत बसले. एकदा तर चकाकणारी माती जहाजात भरून थाटात लंडनला पाठवली. लंडनने ती तपासली आणि माती म्हणून जाहीर केली. तोवर पोटाला काय, तर शेजाऱ्यांनी पिकवलेला मका. कधी बदल्यात मण्यांच्या माळा देऊन, कधी बंदूक दाखवून.

माझ्या बायकोने ही गोष्ट एकदाच ऐकली आणि म्हणाली, "पहिल्या जहाजांत एकही बाई नव्हती ना? मग बरोबर आहे." तिला बोलण्याचा अधिकार आहे. दुसऱ्या वर्षीच तिने मोठ्या परीक्षेचा नाद सोडला, मंत्रालयातल्या सहायक पदाची परीक्षा दिली आणि मका पेरला. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर तिच्या नावावर आहे. मी चार वेळा सोनं शोधलं आणि मग इतरांना ते शोधायला शिकवू लागलो.

तिसरा अंक उपासमारीचा. मका देणारे शेजारी आता वैरी झालेले, हिवाळा आलेला. मी आधी घोडा खातो, मग कुत्रं, मग उंदीर, मग बूट. बुटासाठी मी खरोखर पायातला बूट काढून टेबलावर ठेवतो. वर्ग खिदळत असतो आणि माझ्या गोष्टीत माणसं मरत असतात.

चौथा अंक निघण्याचा. वसंतात कशीबशी दोन लहान जहाजं येऊन पोचतात. त्यांच्याकडेही खायला फारसं नसतं. ठरतं, की पुरे झालं, घरी जाऊ. उरलेसुरले हाडांचे सापळे जहाजात चढतात. जाताना गावच पेटवून द्यावं असं काहींच्या मनात असतं, इतका त्यांनी त्या जागेचा राग धरलेला. जहाजं सुटतात, नदीतून समुद्राकडे निघतात. इथं मी आवाज अगदी खाली आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरून एक होडी येताना दिसते. तिच्यामागे पांढरी शिडं आहेत. नवा गव्हर्नर येतोय, नवी माणसं घेऊन, वर्षभराचं धान्य घेऊन. एक दिवस उशीर झाला असता, तर कोणी कोणाला भेटलं नसतं. मी दोन्ही हात पसरून शिडं होतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "आणि ते परत फिरले."

टाळ्या.

गोष्ट तिथं संपत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. परत फिरलेल्यांतले कितीतरी पुढे मेले, त्याच दलदलीत, तेच पाणी पिऊन. नवी जहाजं नवी माणसं आणत राहिली आणि ती माणसंही वर्षानुवर्षं मरत राहिली. पण आमच्या धंद्याचा एक नियम आहे. प्रश्न दुष्काळावर असो, दंगलीवर असो, उत्तराचा शेवटचा परिच्छेद आशादायी हवा. त्याला आम्ही 'वे फॉरवर्ड' म्हणतो. विषय कितीही काळा असला तरी खाली दोन ओळींची पहाट काढायची, नाहीतर मार्क जातात. वीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांत मी लाल शाईने हेच लिहीत आलो. माझी गोष्ट शिडांपाशी थांबायची ती त्यामुळे. आणि टाळ्यांमुळे, हेही लिहून टाकतो.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका सकाळी माझी एक विद्यार्थिनी वर्ग सुरू होण्याआधी निरोप घ्यायला आली. परभणीकडची, तिशीला टेकलेली, छापल्यासारखं अक्षर. सहा वर्षं दिल्लीत होती. आदल्या दिवशी पूर्वपरीक्षा पुन्हा हुकली होती आणि आता एकच प्रयत्न शिल्लक होता. पण या वेळी तिच्या हातात दुसरं काहीतरी होतं. वडिलांच्या आग्रहाने तिने राज्याची एक परीक्षा देऊन ठेवली होती आणि कृषी सहायकाच्या नेमणुकीचं पत्र आलं होतं. शेजारच्याच तालुक्यात. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आणि तो शुक्रवार होता.

तिला न्यायला वडील आले होते. आमदारांच्या पत्रावर कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या अतिथिगृहात उतरले होते आणि तिथल्या गादीवर झोप न लागल्यामुळे खाली चादर अंथरून झोपले होते, हे त्यांनीच मला हसत सांगितलं. पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून नोकरी झालेली. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला किती वेळ सोडायचं, हे बघण्यात आयुष्य गेलं. हातात नव्या दोरीचं वेटोळं होतं. मुलीची ट्रंक बांधायची होती. गाडी दुपारची, निजामुद्दीनहून.

नमस्कार घ्यावा, चहा पाजावा आणि दोघांना वाटेला लावावं, एवढंच माझं काम होतं. पण नटाला नवा प्रेक्षक दिसला की सुटत नाही. मी म्हटलं, "काका, गाडीला वेळ आहे. एक तास बसा माझ्या वर्गात, गंमत आहे." ते बसले. मुलगी त्यांच्या शेजारी.

त्या दिवशी मी काय रंगलो होतो. डास असा केला, की मागच्या बाकावरच्यांनी मान खाजवली. पाण्याची बाटली फिरत फिरत पाटकऱ्यांपर्यंत गेली. इतरांसारखं त्यांनी थू केलं नाही. घोट तोंडात घोळवला, गिळला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "हे पिकाला सोडलं तर जमीन जाईल, सर. माणसाला कसं सोसंल?" वर्ग खो खो हसला. त्यांना कळलंच नाही कशाला हसले ते.

मग शिडं आली. मी हात पसरले. शेवटचं वाक्य सगळ्या वर्गाकडे बघून म्हणायचं असतं. त्या दिवशी मी ते तिच्याकडे बघून म्हटलं. तिचे डोळे भरले होते, आणि गोष्टी सांगणारा माणूस भरलेल्या डोळ्यांकडेच तोंड करतो. त्यात हेतू काही नव्हता. नव्हता, असंच मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलोय.

तास संपल्यावर दोघं जिन्यात उभी होती. ती सांगत होती, की ती येणार नाही. एक प्रयत्न बाकी आहे, तो देणार. खोली अजून सोडलेली नाही. वडिलांनी आवाज चढवला नाही. सोमवारचं काय, एवढंच दोनदा विचारलं. ती म्हणाली, सोमवार असे पुष्कळ येतील. हे वाक्य बहुतेक माझ्याच वर्गात शिकली असावी. मला त्यात माझाच सूर ऐकू आला आणि, खरं सांगतो, क्षणभर बरं वाटलं.

मग पाटकरी माझ्याकडे वळले. मी त्यांच्या जवळून सटकायच्या बेतात होतो.

"सर, ते लोक माघारी फिरले म्हणालात. पुढं काय झालं त्यांचं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "त्यातूनच तर पुढे अमेरिका झाली, काका."

"अमेरिका झाली ती आपल्याला दिसतीच की. मी त्या माणसांचं विचारतोय. बोटीतल्या."

मी घड्याळाकडे बघितलं. पुढचा तास आहे म्हणालो, आणि खरंच होता. जिना चढताना मागे वळून पाहिलं, तर ते दोरीचं वेटोळं पिशवीत परत कोंबत होते. दुपारी ते एकटेच गेले.

सोमवार उलटला. जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी ती पूर्वपरीक्षा पास झाली, तेव्हा मी वर्गात पेढे वाटले आणि बायकोला फोन करून सांगितलं, की बघ, आली की नाही बोट. बायको म्हणाली, "उतरू दे तिला आधी." मुख्य परीक्षेच्या निकालात तिचं नाव नव्हतं. प्रयत्न संपले. त्याच आठवड्यात तिने क्लासमध्ये काम मागितलं. उत्तरपत्रिका तपासायला माणूस हवाच होता. मी शब्द टाकला आणि ती मागच्या बाकावर लाल पेन घेऊन बसली.

तिच्या वडिलांचा मला फोन आला. आता ती काय करते, असं विचारत होते. मी म्हटलं, आमच्याच क्लासमध्ये काम मिळालंय, चांगलं चाललंय.

"म्हणजे आता तुमच्याकडंच राहिली."

"हो."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. सणासुदीला मीच करायचो, तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा उचलायचा आणि वडील शेताकडे गेलेत म्हणायचा.

या वर्षी निकालाच्या दिवशी मी जिना चढत होतो. वरच्या वळणावर नंदुरबारकडची एक मुलगी पायरीवर बसून रडत होती आणि माझी जुनी विद्यार्थिनी तिच्याजवळ बसली होती. तिला काहीतरी सांगत होती. मी खालीच थांबलो. ती माझी गोष्ट सांगत होती. मीठ नाही, बूट नाही, डास नाही. हलक्या आवाजात, हात मांडीवर ठेवून. जहाजं नदीतून चालली आहेत, सगळे गप्प आहेत, कोणी मागे वळून बघत नाही, असं सांगत होती. हे मला कधी सुचलं नव्हतं. माझ्यापेक्षा फार चांगली सांगत होती. शिडांपाशी आली आणि थांबली. नंदुरबारची मुलगी डोळे पुसून म्हणाली, "मग मी पण घरी फोन करून सांगते, की येत नाही."

दुसऱ्या दिवशी माझा तास होता. मी सगळं नेहमीसारखं केलं, शिडंही केली. टाळ्या सुरू झाल्या तशी मी हात वर करून त्या थांबवल्या आणि पुढचं सांगितलं. कसे उतरले, कसं तेच पाणी प्याले, कसे एकेक करून गेले, आणि धान्य घेऊन आलेलेही त्यांच्या मागोमाग कसे गेले. हे सांगायला हातवारे लागत नाहीत. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. मागच्या बाकावर लाल पेन थांबलं होतं.

एका मुलाने विचारलं, "सर, मग गेलेलं बरं, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मी म्हटलं, "हो."

कोणी टाळी वाजवली नाही. एकेक जण दप्तर उचलून निघून गेला. चौघं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत आणि मला चार माणसं काठाला लावल्यासारखं वाटलं. नंदुरबारची त्यांत नव्हती. ती पहिल्या बाकावर वही उघडून बसली होती.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ती उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होती. मी शेवटी विचारलं, की तुला पुढचं माहीत होतं का.

"वाचलं होतं, सर. वाचनालयात जाऊन. बाबांनी जिन्यात विचारलं ना तुम्हाला, तेव्हाच वाटलं होतं, बघावं."

"मग गेली का नाहीस? सोमवार हातात होता."

"मंगळवारी वाचलं. शनिवार-रविवारी सराव पेपर होते. सोमवारी तुमचाच तास होता." तिने गाठ मारली आणि गाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "पुढच्या वेळी शिडांपाशीच थांबा सर, प्लीज. चार गेले. असे दर वर्षी जायला लागले तर बॅच बंद होईल."

"जाऊ देत की. त्यांचं तरी भलं होईल."

"त्यांचं होईल," ती म्हणाली. "मग आपण दोघांनी इथं काय करायचं?"

ती हे रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी खुसखुशीत बोललो असतो, माझ्याकडे अशा वेळेसाठी पुष्कळ साठा आहे. पण ती खरंच विचारत होती. परत जाऊन कुठल्या दारात उभं राहायचं, हे तिला माहीत नव्हतं. मला तर तो प्रश्न पंचवीस वर्षांत पडलाही नव्हता. मी चहा घेणार का विचारलं. ती नको म्हणाली, गठ्ठा कपाटात ठेवला आणि खोलीवर गेली. खोली तीच आहे, क्लासपासून पाच मिनिटांवर.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, टोमणा मारील. तिने विचारलं, "आणि तू काय ठरवलंस?" मी म्हटलं, अजून काही नाही. ती म्हणाली, "म्हणजे ठरलंय तुझं." आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला आत गेली.

पुढच्या शनिवारी नव्या बॅचचा पहिला तास होता. क्लासच्या मालकांनी सुचवलं, की सर, ती इंग्रजांची गोष्ट तुम्ही सुरुवातीलाच घ्या, त्याने मुलं टिकतात. चेहरे ताजे होते, दोन दिवसांपूर्वी गाडीतून उतरलेले. काहींच्या दप्तरांना अजून रेल्वेची साखळी-कुलुपं लटकत होती. मी डास केला, सोनं शोधलं, बूट खाल्ला. दोन्ही हात पसरले आणि "ते परत फिरले" म्हणून थांबलो.

टाळ्या पडल्या. पहिली टाळी मागच्या बाकावरून आली.